दुधातून उतरलेले

“विकत घेतलंस का मला? एवढंच सांग. हो म्हण, नाहीतर नाही म्हण.”

“शनिवारी सांगते.”

“आज सांग.”

“शनिवारी तुला अठरा पुरी होतात. अठरा वर्षं तोंड शिवून बसले, आता तीन दिवसांसाठी उसवू का?”

छाया कळण्याची भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. उखर्डूनं हातातला कागद तिच्या परातीशेजारी आपटला, तसं पीठ उडून तिच्या भुवयांवर बसलं. तिनं पुसलंसुद्धा नाही.

“वाच.”

“येतं मला वाचता. भिरूड डॉक्टरांचं अक्षर आहे ते.”

“काय लिहिलंय? बाळ पुरुष. आईचं नाव गुली रेमसिंग बारेला. मग तू कोण माझी?”

“काकू,” छाया म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. “जन्मापासून तेच म्हणतोस ना?”

उखर्डूनं दाराला लाथ घातली. दार जुनं होतं, ते बिचारं सवयीनं उघडलं.

आता यात नवल वाटेल, पण सावखेडीत कुणालाच वाटत नव्हतं. उखर्डूच्या आधी छायाची तीन पोरं गेली होती. पहिला अकरा दिवस जगला, दुसरी मुलगी सहाव्या दिवशी गेली, तिसरा आला तोच निळा, घरी नेला आणि गेला. चौथ्या वेळी सासूनं हाय खाल्ली आणि जुना उपाय काढला. बाळ झालं की सुपात घालायचं, दवाखान्यामागच्या उकिरड्यावर ठेवायचं, आणि दुसऱ्याच बाईनं ते उचलायचं. मग त्या बाईकडून ओंजळभर ज्वारीला परत घ्यायचं. म्हणजे सटवाईला वाटतं, हे पोर या घरचं नव्हेच, उकिरड्यावर सापडलेलं, ओंजळभर दाण्यांचं. त्यावर कशाला नजर ठेवा? नावही तसलंच ठेवायचं. उखर्डू. आणि नवस असा की अठरा वर्षं पुरी होईस्तोवर आईनं त्याला ‘माझा’ म्हणायचं नाही, पोरानं तिला ‘आई’ म्हणायचं नाही. मग त्याच उकिरड्यावर नेऊन तीनदा ‘हा माझा’ म्हणायचं, की सुटलं.

उचलणारी बाई म्हणजे गुली. वरच्या पाड्यावरची, दवाखान्यात आया होती. भिरूड डॉक्टरांनी जन्माच्या वहीत तिचंच नाव आई म्हणून लिहिलं, याचं गावाला कायम हसू यायचं. डॉक्टर बिचारे साधे. सकाळी गुलीच्या हातात पोर दिसलं, विचारलं कुणाचं, सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या गुलीचं, यांनी टाकलं लिहून. झालं.

उखर्डूही इतकी वर्षं हे हसत सांगायचा. म्हणजे घरी हसत सांगायचा. शाळेत नाही. नववीत हजेरी घेताना सर म्हणाले होते, “उखर्डू सपकाळे, वर्गातला कचरा हजर आहे का?” त्यानं कंपास फेकून मारला. सरांच्या कपाळाला तीन टाके पडले आणि उखर्डूची शाळा सुटली, दोन्ही त्याच दिवशी.

मग आज काय बिनसलं? नोकरी. गुजरातच्या किनाऱ्यापलीकडं, समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर चढायला पोरं हवी होती. उखर्डूला उंचीची भीती नव्हती, माणसांचा कंटाळा होता, म्हणजे काम त्याच्याचसाठी काढलेलं. पण आता कुठल्याही नोकरीला नुसता जन्मदाखला चालत नव्हता, साखळी-दाखला लागायचा. कुणाच्या पोटचा, कुणाकडून कुठलं दुखणं आलंय, सगळं रक्तातून वाचलेलं. त्याचा अर्ज परत आला. वहीत आई एक, अर्जात आई दुसरी. शनिवारी चार वाजता, दुपारभराची उन्हाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की, दवाखान्यासमोरून कंपनीची गाडी निघणार. दाखला असेल तर बस, नसेल तर बस घरी.

हसण्यावारी नेलेली चूक पहिल्यांदाच त्याच्या घशात अडकली. चूक नसेलच तर?

*

सावखेडीचा दवाखाना लोकवर्गणीचा. प्रत्येक घरानं दर तोडणीला केळीचा एक घड द्यायचा, त्यावर तो उभा राहिला. भिंतींना अजून तो पिकल्या केळ्यांचा वास आहे असं म्हातारी माणसं सांगतात. उखर्डूला फक्त फिनेलचा यायचा.

साखळीच्या खोलीत तडवी मॅडम बसायच्या. तिशीच्या, गालात बडीशेप, समोर शिलाई मशीनएवढं यंत्र.

“नाव?”

“उखर्डू.” तो तयारीत होता. हसली असती तर यंत्राची खैर नव्हती.

ती हसली नाही. “माझ्या आजोबांचं नाव फकिरा. आधीचे तीन भाऊ गेलेले. बस. हात दे.”

सुई लागली. तो रक्ताकडंच बघत राहिला.

“यातून कळणार मी कुणाचा ते?”

“तू कुणाचा आणि तुझ्यात कोण कोण, दोन्ही.”

“माझ्यात मीच.”

“असं सगळ्यांना वाटतं.” तडवी मॅडमनी नळीवर चिठ्ठी डकवली. “ऐक. बाळ पोटात असतं तेव्हा आईच्या थोड्या पेशी बाळात येतात आणि बाळाच्या आईत जातात. बाळ बाहेर आलं तरी त्या निघून जात नाहीत. तिथंच राहतात, वाढतात, वर्षानुवर्षं. बाळ मेलं तरी त्याच्या पेशी आईत जिवंत. आणि पुढचं बाळ राहिलं की त्यातल्या काही त्याच्यात उतरतात. म्हणजे धाकट्यात थोरला असतो. दहा लाखांत दोन-चार, पण असतो. पूर्वी एवढं बारीक वाचता यायचं नाही. हे यंत्र एकेक पेशी सुटी करून विचारतं, तू कोणाची.”

“आणि ती सांगते?”

“माणसांपेक्षा सरळ सांगते.”

उखर्डूला हे आवडलं नाही. त्याच्या अंगात न विचारता राहणारे भाडेकरू असल्यासारखं वाटलं.

“पण नाव कसं कळणार? पेशीवर आधारकार्ड असतं का?”

“त्याला वह्या आहेत.” तिनं मागच्या कपाटाकडं बोट केलं. “सगळं जग पडद्यावर लिहीत होतं तेव्हाही भिरूड डॉक्टर वहीत लिहायचे. आईचा अंगठा, बाळाचं पाऊल, शाईत बुडवून. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगावर पांढरा मेणासारखा थर असतो ना, त्यात कातडीच्या पेशी असतात. त्या शाईत अडकल्या, शाई वाळली, वही मिटली. पापड डब्यात राहावा तशा राहिल्यात. तुझ्या घरच्या चारी नोंदी ताडून बघते.” मग तिनं एक छोटी डबी पुढं केली. “ही उद्या सकाळी भरून आण.”

“कशानं?”

तिनं सांगितलं.

उखर्डूचा पारा चढला. “नोकरीला चाललोय मी. पवनचक्कीवर चढायला.”

“चढ की. पण पोटात असताना आलेल्या पेशी हाडाच्या मगजात घर करतात, त्या रक्तात दिसतात. दुधातून आलेल्या आतड्याच्या भिंतीत राहतात. त्या याच वाटेनं बाहेर येतात. मला दोन्ही हव्यात.”

“दुधातूनपण येतात?”

“आई काय नुसतं पाणी पाजते?”

*

ते तीन दिवस त्याला धड गेले नाहीत.

आधी तो स्वतःवरच चिडला, की बाईच्या गप्पा डोक्यात घेऊन बसलोय. मग नदीवर पोहायला गेला. मध्येच डोहात थांबला, उताणा पडून राहिला, आणि त्याला वाटलं पाण्यावर आपलं जे वजन तरंगतंय ते एकट्याचं नाही. लहानपणापासून त्याला एक खोड होती. कुठंही बसला की डाव्या बाजूला थोडी जागा सोडायचा. बाकावर, ओट्यावर, ट्रॉलीत. पोरं म्हणायची, कुणाला धरून ठेवलीस रे जागा? तो म्हणायचा, तुझ्या बापाला. आता जागा सोडली की त्याला घाम फुटायचा आणि नाही सोडली तर जास्तच.

घरात छायाची शनिवारची तयारी चालली होती. तिनं खण आणला, नारळ आणला, माळ्यावरून सूप काढून शेणानं सारवलं. हे सगळं करताना ती गुणगुणत होती. उखर्डूनं तिला गुणगुणताना कधी ऐकलंच नव्हतं. शुक्रवारी जेवताना तो अचानक म्हणाला,

“काकू, आधीच्या तिघांची आठवण येते तुला?”

तिनं ताटातलं वांग्याचं भरीत त्याच्याकडं सरकवलं. “आठवण यायला ती जायला लागतात.”

“म्हणजे?”

“जेव.”

तो जेवला. घास गिळताना त्याला वाटलं, आत कुणीतरी तो झेलतंय.

*

शनिवारी तीनला तडवी मॅडमनी दार लावून घेतलं. बडीशेप थुंकून आली होती. उखर्डूची नजर तिखट, त्याला तेवढ्यावरून कळलं की गोष्ट साधी नाही.

“बोला. विकत घेतलं होतं मला?”

“डॉक्टरांची चूक नव्हती,” ती म्हणाली. “रक्तात गुलीच्या पेशी आहेत. वहीतला अंगठाही तिचाच. तू तिच्या पोटचा, आणि तिचा पहिलाच. तुझ्या आधी तिथं कुणी नव्हतं.”

उखर्डू उभा होता, तो उभाच राहिला. गुली त्याच्या सहाव्या वर्षी पाड्यावर तापानं गेली होती. त्याला तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. दर वाढदिवसाला यायची, पहिला घास भरवायची, छायाकडून लुगडं घ्यायची, जायची. तिच्या हाताला मोहाचा वास यायचा. एवढंच.

“म्हणजे छाया सपकाळे माझी कुणी नाही.”

“तसं म्हणू नको, थांब. दुसऱ्या तपासात ती आहे. खूप आहे. दोन-अडीच वर्षं पाजलं असणार तिनं तुला.” तडवी मॅडमनी पडदा त्याच्याकडं वळवला. ठिपके होते, रंगीत, रांगोळी विस्कटल्यासारखे. “आणि तिच्या दुधातून तिची मुलंही उतरलीत तुझ्यात. हे मी आजवर फक्त वाचलं होतं, पाहिलं आज. हा पहिला. ही मुलगी. हा तिसरा. तिघांची पावलं मोठ्या वहीत सापडली, जुळली.”

“हा चौथा रंग कुणाचा?”

तिनं पडदा परत आपल्याकडं वळवला.

“मोठ्या वहीत तो नव्हता. म्हणून दुसरी उघडावी लागली.”

टेबलावर लाल फडक्यात बांधलेली एक पातळ वही होती. दवाखान्यातच गेलेल्या बाळांची वही. ती कुणी उघडत नसत. नर्सा नुसत्या हातानं शिवायच्या नाहीत, झाडणारी बाई कपाटाचा तो खण सोडून पुसायची. अठरा वर्षं कुणालाही तिच्यात बघावंसं वाटलं नव्हतं, आणि बघितलं असतं तर गावाला हसायला काही उरलं नसतं.

तडवी मॅडमनी पान काढलं. तारीख त्याच्याच वाढदिवसाची. भिरूड डॉक्टरांचं तेच तिरकं अक्षर. छाया नामदेव सपकाळे. पुत्र. पहाटे चार दहा. आयुष्य चाळीस मिनिटं. खाली पाऊल. उखर्डूच्या अंगठ्याएवढं. पाचवं बोट शाईत नीट उठलं नव्हतं.

“तू त्याच रात्री अडीचला झालास,” ती म्हणाली. “गुलीचा नवरा नव्हता, लुगड्याखाली लपवलं असणार. पाड्यावर पोर नेता आलं नसतं. इकडं छायाचं चौथंही गेलं. सकाळी उकिरड्यावरचा विधी तर ठरलेलाच होता. सुपात कोण आहे, कोण बघणार?”

“कुणी ठरवलं हे? म्हातारीनं? गुलीनं?”

“ते पेशीत लिहिलेलं नसतं.”

“आणि काकूला?”

“पोट फाडून बाळ काढलेलं, वहीत लिहिलंय. भुलीत होती, सकाळी उन्हं येईस्तोवर.”

म्हणजे तिला माहीत नाही. उखर्डूनं त्या पावलाकडं बघितलं. त्याला लहानपणचं सगळं आठवायला लागलं, आणि प्रत्येक आठवणीत तो एक पाऊल मागं सरला. ती झोळी या पोराची होती. पहिलं अंगडं याच्या मापाचं शिवलेलं. तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसलेली ती बाई याच्यासाठी बसली होती. नवस याच्यासाठी. अठरा वर्षं तोंड शिवलं ते हे पोर जगावं म्हणून, आणि ते पहाटेच गेलं होतं. तो दुसऱ्याच्या जागेवर बसला होता, आणि जागेचा मालक आत बसून बघत होता.

“दाखल्यावर गुलीचं नाव येणार,” तडवी मॅडम म्हणाल्या. “मला खोटं लिहिता येत नाही. पण दाखला कंपनीला जातो. घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ.”

उखर्डू आयुष्यात कधी गप्प बसला नव्हता. मनात आलं की तोंडात, तोंडात आलं की समोरच्याच्या अंगावर. त्यानं दाखल्याची चार घड्यांची घडी केली आणि आतल्या खिशात ठेवली. नाही सांगायचं. तिनं तीनदा म्हणायचं, आपण ऐकायचं, गाडीत बसायचं.

*

दवाखान्यामागं आता उकिरडा असा राहिला नव्हता. गोबरगॅसचा खड्डा होता आणि बाजूला केळीच्या कापलेल्या खोडांचा ढीग. छाया तिथं सूप घेऊन उभी होती, नव्या लुगड्यात. चारला दहा कमी होते. ऊन अजून भाजत होतं.

“ये. चढ वर.”

“नवीन बूट आहेत.”

“सटवाईला बुटाचं कौतुक नाही. चढ.”

तो ढिगावर चढला. पाय चिकात रुतले. सुपात बसायचं वय गेलं होतं, म्हणून तिनं सूप त्याच्या पायाशी ठेवलं, त्यात नारळ ठेवला. वर बघितलं.

“कागद मिळाला?”

“मिळाला.”

“काय निघालं त्यात?”

“तू निघालीस.” हे खरंच होतं, त्यामुळं आवाज हलला नाही. “आणि तुझी पोरं. बाई म्हणाली, आईतून धाकट्यात उतरतात. ती आहेत माझ्यात. तिघंही.”

छायानं मान हलवली, जशी वाण्यानं सांगितलेलं वजन ऐकून हलवायची.

“तिघंच?”

उखर्डूनं बुटाचा चीक खोडावर घासला.

“चौथा नाही का रे उतरला?”

मागं रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. पोरांचा गलका.

“तुला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? सासू मरेपर्यंत बोलली नाही.” ती हळू, रोजच्या आवाजात बोलत होती. “त्या सकाळी मला खुर्चीत बसवून इथं आणलं होतं. भूल उतरत होती, डोळे उघडत होते, मिटत होते. गुलीनं खाली वाकून तुला सुपातून उचललं. तू रडलास. आणि तिची चोळी भिजली. दोन्हीकडून. उचलणारीला पान्हा फुटत नाही रे.”

“मग तू घेतलंस कशाला मला?”

“तिनं दिलं. मी घेतलं. माझीही चोळी भिजलेली होतीच.”

“आणि हा नवस? अठरा वर्षं?” त्याचा आवाज चढला. “सटवाईला फसवायला? जो मेलाच होता त्याच्यासाठी?”

“गुली होती तोवर तुला माझा कुठल्या तोंडानं म्हणू? ती गेली तेव्हा म्हणणार होते. पाड्यावरून आले, तू ओट्यावर बसला होतास. शेजारी जागा सोडून. मला तो दिसला.” छाया ढिगावर एक पाय ठेवून वर आली. “त्याला कुणी एकदासुद्धा माझा म्हणालं नाही. मी म्हणायच्या आत नेलं त्याला. त्याच्यासमोर तुला कसं म्हणणार होते? म्हणलं, अठरा ठरलीत ना, ठरू देत. दोघंही मोठे होऊ देत.”

तिनं तळहात त्याच्या पोटावर ठेवला. शर्टावरून. हात गरम होता. ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती.

“हा माझा,” ती म्हणाली.

उखर्डूच्या पोटात काहीतरी वळलं. भूक नव्हती, भीती नव्हती. झोपेतलं पोर हाक ऐकून कूस बदलतं तसं.

“हा माझा,” ती पुन्हा म्हणाली, पोटालाच, आणि रडली.

भोंगा झाला. चार. रस्त्यावरून कुणीतरी त्याच्या नावानं ओरडलं. छायानं डोळे पुसले, हात पोटावरून उचलला. तो हात छातीपाशी आला, गळ्यापाशी आला. त्याच्या गालाच्या जवळ येऊन थांबला आणि तिनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

अठरा वर्षं त्याला हाच एक शब्द हवा होता. आता तो कुणाच्या नावानं निघेल, हे ऐकायची त्याची छाती झाली नाही. त्यानं पाय चिकातून उपटला.

“मला निघायला हवं आता,” तो म्हणाला.